फांगारेईच्या खाडीतून टाउन बेसिनपर्यंत: एका भरतीचा हिशेब

ऑकलंडच्या उत्तरेला, रस्त्याने साधारण १६० किलोमीटरवर फांगारेई शहर आहे. समुद्रापासून ते बरंच आत आहे. ब्रीम हेडच्या डोंगराखालून खाडीत शिरलं की वीसेक किलोमीटर आत, हातेआ नदीच्या अरुंद पात्रात, थेट गावाला लागून टाउन बेसिन मरीना लागतो. शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांची ही लाडकी जागा. नोव्हेंबर ते एप्रिल या चक्रीवादळांच्या मोसमात फिजी-टोंगाकडून आलेल्या परदेशी बोटी इथे आसऱ्याला राहतात आणि मे महिन्यात पुन्हा उत्तरेला निघतात. बोटदुरुस्तीची आवारं, शिडं शिवणारे, इंजिनवाले, सगळे हाकेच्या अंतरावर.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या अर्कार्ट्स बे या उपसागरापासून मरीनापर्यंत जेमतेम १३ सागरी मैल भरतात. दहा मीटरच्या बोटीला अडीच तासांचं काम. चारी बाजूंनी जमीन, लाट फारशी नाही, खुणांचे खांब जागोजागी. त्यामुळे हा प्रवास बरेच जण हलक्यात घेतात आणि सगळं लक्ष वाऱ्याकडे देतात. माझं मत वेगळं आहे. या मार्गावर वारा आणि शीड ही शेवटी बघायची गोष्ट. निघायची वेळ ठरते ती तीन गोष्टींवर: नदीतला गाळ, नदीवरचा उघडता पूल आणि सूर्यास्त. ही तिन्ही मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात आहेत, म्हणून हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करत यावा लागतो. हे नेमकं कसं करायचं ते दाखवणारं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो.

बोट माझ्या थोरल्या भावाची, साडेदहा मीटर लांबीची, एका डोलकाठीची, स्लूप जातीची. पाण्याखाली कील, म्हणजे तळातून खाली गेलेला जड कणा, १.८ मीटर. दादा आणि वहिनी ऑकलंडला स्थायिक आहेत, दोघंही बोट उत्तम चालवतात. मी मदतनीस. मे महिन्याचा शेवट होता. हिवाळ्यात इंजिनचं काम काढायचं म्हणून टाउन बेसिनमध्ये जागा ठरवलेली, आणि आदल्या संध्याकाळी आम्ही अर्कार्ट्स बेमध्ये नांगर टाकून होतो. वार गुरुवार.

परिस्थिती काय होती

खाडीच्या तोंडाजवळच्या मार्सडेन पॉइंटच्या तक्त्यानुसार त्या दिवशी ओहोटी सकाळी ११:१० ला, पाणी ०.६ मीटर. भरती संध्याकाळी ५:२० ला, २.५ मीटर. म्हणजे फरक १.९ मीटर, ना धड उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती), ना धड भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती). गावापाशी भरती तोंडापेक्षा थोडी उशिरा येते, तो उशीर दादाने अर्धा तास धरला. सूर्यास्त सव्वापाचच्या पुढे-मागे. वारा नैऋत्येचा, १५ ते २० नॉट (ताशी सागरी मैल). शुक्रवारी वायव्येकडून पाऊसपट्टा येणार होता.

आता अडचण. मरीनाच्या खालच्या अंगाला मैलभरावर ‘ते माटाऊ आ पोहे’ नावाचा उचलता पूल आहे. २०१३ साली झालेला. शिडाची बोट आली की रेडिओवर विनंती करायची, ते रहदारी थांबवून पुलाचा एक भाग वर उचलतात. मात्र कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बोटींसाठी पूल उघडत नाहीत. ते रास्तच आहे, गावाच्या दोन बाजूंची येजा त्यावरून चालते. आमच्या हिशेबात याचा अर्थ एकच: संध्याकाळी चारच्या आत पुलाखालून पार व्हायचं.

नदीचं पात्र गाळाचं. ड्रेजिंग होतं, पण वरून माती येतच राहते, त्यामुळे नकाशावरच्या खोलीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. टाउन बेसिनमध्ये ओहोटीला कितीतरी बोटींच्या कील मऊ चिखलात रुतून उभ्या असतात. १.८ मीटर कीलवाल्याने भरतीच्या वरच्या अर्ध्यातच नदीत शिरावं, हा तिथला सर्वसाधारण सल्ला.

वहिनींनी सकाळी चहा करतानाच सरळ प्रश्न टाकला, “पूर्ण भरतीलाच का नाही जायचं? तेव्हा पाणी सगळ्यात जास्त.”

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं, आणि याचं उत्तर नीट समजून घेतलं पाहिजे. पूर्ण भरती ५:२० ला, गावापाशी पावणेसहाच्या सुमाराला. म्हणजे पूल गर्दीमुळे बंद, वर अंधार. पण समजा पूल उघडा असता आणि दिवसही मोठा असता, तरी दादा त्या वेळी गेला नसता. चढत्या पाण्यात कील चिखलाला टेकली तर इंजिन न्यूट्रलला टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पाणीच बोट उचलतं. भरती पूर्ण झाल्यावर टेकली तर पाणी उतरू लागतं आणि पुढची भरती येईपर्यंत बोट तिथेच कलंडून पडते. आणि उधाण नुकतंच ओसरत असेल तर पुढची भरती आजच्यापेक्षा कमी उंचीची असते. मग ते प्रकरण तासांवर मिटत नाही, दिवसांवर जातं. कोकणात मचवे आणि होड्या खाडीच्या बाऱ्यातून आत येताना चढतं पाणी धरतात, त्यामागेही हेच कारण आहे.

“उद्या निघालो तर?” हा माझा प्रश्न.

दादाने तक्ता माझ्यासमोर सरकवला. “तूच बघ. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे जाते. पुलाची गर्दी पुढे जात नाही.”

सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच होती. गुरुवारी अर्धी भरती दुपारी सव्वादोनला होत होती, पुलाच्या वेळेआधी पावणेदोन तास हाती. शुक्रवारी ती तीनच्या पुढे गेली असती, म्हणजे फट तासाभरापेक्षा कमी, शिवाय वायव्येचा वारा अगदी समोरून. शनिवारी गर्दीचं बंधन नाही, पण अर्धी भरती चारच्या आसपास आणि सव्वापाचला अंधार. पहाटेच्या भरतीला जायचं तर काळोख, आणि उजाडेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं. दरवाजा रोज थोडा थोडा मिटत होता. तो नीट उघडा होता तो त्याच दुपारी.

शेवटाकडून मागे

मग दादाने वहीत आकडे मांडले. पात्रातल्या सगळ्यात उथळ जागी नकाशाच्या शून्य पातळीखाली (भरतीची उंची इथूनच मोजतात) फक्त एक मीटर पाणी आहे असं त्याने मुद्दाम गृहीत धरलं. नकाशा बरं सांगत होता, पण गाळाच्या नदीत असं वाईटच धरावं.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटी पुन्हा एक. बाराव्या हिश्श्यांचा हा ठोकताळा जगभरचे खलाशी वापरतात. आमच्या १.९ मीटरच्या चढाला तो लावला, गावापाशी अर्धा तास उशीर धरला, तर दुपारी सव्वातीनला नदीत पाण्याची उंची सुमारे १.८ मीटर येत होती. त्यात धरलेला एक मीटर मिळवला की २.८. त्यातून कील १.८ वजा. खाली एक मीटर मोकळं पाणी, आणि नंतर आणखी दोन-अडीच तास पाणी चढतच राहणार. याहून चांगली स्थिती मागायची नसते.

पुलापाशी तीन ते सव्वातीनला पोचायचं, तिथून मागे. नदीतला टप्पा सावकाश, पाऊण तास. म्हणजे नदी सुरू होण्याआधीचं लाईमस्टोन बेट सव्वादोनला. तोंडापासून बेटापर्यंत साडेनऊ मैल, पाण्यातून पाच नॉट आणि भरतीचा सरासरी एक नॉट, म्हणजे दीड तासाहून थोडं जास्त. साडेबाराला निघालो तरी चाललं असतं. दादाने १२:१५ ठरवली.

आणि एक वेळ त्याने वहीत चौकटीत लिहिली: २:४५. तोपर्यंत लाईमस्टोन बेट आलं नाही तर नदीत शिरायचं नाही, मागे खाडीतल्याच पारुआ बे या उपसागरात जाऊन नांगर टाकायचा. तो म्हणाला, “हे आत्ता ठरवायचं, तिथे पोचल्यावर नाही. तिथे पोचल्यावर माणूस पुढे जायचीच कारणं शोधतो.” मला त्याच्या नियोजनातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

तोंडापासून बेटापर्यंत

नांगर १२:१५ ला उचलला. मेनसेलला, म्हणजे मोठ्या शिडाला, एक रीफ (शीड थोडं आखडून लहान केलेलं), पुढचं शीड म्हणजे जिब अर्धवट गुंडाळलेली. आमची दिशा साधारण वायव्य, वारा नैऋत्येचा, म्हणजे डाव्या कुशीवर. शिडाच्या बोटीला यापेक्षा सोयीचा वारा नाही.

मार्सडेन पॉइंटच्या अलीकडेच खोळंबा झाला. इथे पूर्वी न्यूझीलंडचा एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना होता. १९६४ पासून चाललेला, २०२२ मध्ये शुद्धीकरण थांबलं आणि आता तयार इंधन उतरवून साठवलं जातं. शेजारच्या नॉर्थपोर्टमधून लाकडाचे ओंडके परदेशी जातात. असंच ओंडक्यांचं एक जहाज टग-बोटींच्या मदतीने धक्का सोडत होतं. न्यूझीलंडच्या बंदरांत ५०० टनांपेक्षा लहान बोटीने त्याहून मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही, असा नियम आहे. शिडावर असलात तरी सवलत नाही. वहिनींनी जिब गुंडाळायला लावली, इंजिन सुरू केलं आणि मुख्य मार्गाच्या बाहेर, समोरच्या रेओताही किनाऱ्याच्या बाजूला बोटीचं तोंड प्रवाहाविरुद्ध करून जागच्या जागी धरली. इथे भरतीचा प्रवाह दोन-तीन नॉटपर्यंत धावतो. त्याच्या विरुद्ध तोंड केलं की इंजिनचा थोडासा जोर देऊन बोट स्थिर ठेवता येते, उलट प्रवाहाबरोबर असताना थांबताच येत नाही. जहाज निघून जाईपर्यंत २५ मिनिटं गेली.

दादाने घड्याळ पाहिलं, वही पाहिली आणि काही बोलला नाही. २५ मिनिटं त्याच्या हिशेबात बसत होती.

पुढे खाडी एकदम रुंदावते. नकाशावर सगळं निळं-हिरवं दिसतं, पण त्यातलं बरंचसं हे स्नेक बँक, मॅकडॉनल्ड बँक असल्या वाळूच्या पट्ट्यांचं आहे. ओहोटीनंतर दोन तास उलटले तरी काही पट्टे अजून उघडे होते, त्यांच्यावर पक्षी चरत होते. याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: वाऱ्याच्या बाजूचे पट्टे उघडे असताना वाऱ्याला लाट उठवायला मोकळं पाणीच मिळत नाही. २० नॉटच्या झोतातही आमच्या अवतीभवती फक्त बारीक लहरी होत्या. तीच जागा पूर्ण भरतीला, तोच वारा असताना, बऱ्यापैकी आदळआपट करते. अर्ध्या भरतीला जाण्याच्या बाजूचं हे आणखी एक कारण.

खुणा आत येताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरव्या, भारतातल्यासारख्याच. उजव्या हाताला माउंट मानाइयाचे खडकाळ सुळके बराच वेळ सोबत करतात. वारा उत्तरेचा असेल तर त्या डोंगरावरून अवचित झोत खाली कोसळतात. त्या दिवशी तो दक्षिणेच्या सखल किनाऱ्यावरून येत होता, म्हणून एकसारखा होता. डाव्या बाजूला दूर पोर्टलंडचा सिमेंट कारखाना दिसला, आणि समोर लाईमस्टोन बेट. त्याचं माओरी नाव माताकोहे. इथेही एकेकाळी सिमेंट बनायचं. आता बेटावर पुन्हा झाडं लावली आहेत आणि किवी पक्ष्यांची पिल्लं शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित वाढावीत म्हणून तिथे ठेवतात. बेट आडवं आलं तेव्हा २:१५ झाले होते. चौकटीतल्या वेळेच्या अर्धा तास आधी.

नदी आणि पूल

बेटानंतर मेनसेल उतरवली. वारा चांगला होता, शिडावर जाता आलं असतं, पण पात्र वळणांचं आणि दोन्ही अंगांना चिखल. वहिनी सुकाणूवर, दादा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, मी डेप्थ साउंडर (कीलखालची खोली दाखवणारं यंत्र) मोठ्याने वाचायला.

दोन्ही काठांना तिवरं. आपल्या खाजणात असतात तीच, अॅव्हिसेनिया मरीना जात, फक्त इथे थंडीमुळे खुजी. चिखलातून वर आलेल्या बोटभर लांबीच्या श्वासमुळांची रांगच्या रांग दिसत होती, आणि त्यांची अर्धी उंची ओली, अर्धी कोरडी होती. दादाने तिकडे हात केला. पाणी किती चढलंय आणि किती चढायचंय ते तिथे लिहिल्यासारखं दिसत होतं.

“खाली २.४… २.१… १.७…”

“वळणाच्या बाहेरच्या बाजूने घे,” दादा नाळेवरून म्हणाला. नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला खोल कोरते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. वहिनींनी खुणांच्या मधोमध न राहता बोट बाहेरच्या अंगाला नेली आणि आकडा पुन्हा दोनवर गेला. पुढच्या एका वळणाला १.३ आला, तो दिवसभरातला सगळ्यात कमी. हिशेब एक मीटरचा होता.

पूल लांबूनच ओळखू येतो. त्याचे उचलणारे दोन बाहू माओरी गळाच्या आकाराचे, पांढरे, वळणदार. तीनला पाच कमी असताना वहिनींनी रेडिओवर बोटीचं नाव, काठीची उंची आणि वरच्या दिशेला जायचंय एवढं सांगितलं. उत्तर आलं की गाड्या थांबवायला थोडा वेळ लागेल. इथे बहुतेकांची घाई होते. भरती पाठीशी असते, बोट न्यूट्रलमध्ये असली तरी प्रवाह तिला बंद पुलाकडे ढकलत राहतो. वहिनींनी पुलाच्या बऱ्याच अलीकडे, पात्र रुंद असताना, बोट पूर्ण फिरवली आणि मार्सडेन पॉइंटला केलं होतं तेच केलं: प्रवाहाकडे तोंड, थोडा जोर, जागच्या जागी. पूल पूर्ण वर जाऊन पुढे या असा निरोप मिळाल्यावरच पुन्हा वळवली. सव्वातीनला आम्ही पार झालो. वर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, एक शाळकरी मुलगा सायकलवर बसून हात हलवत होता.

धक्क्याला लागताना

शेवटचा मैल सोपा वाटतो, पण माझ्या मते नुकसान होतं ते इथेच. इतका वेळ जिने आत आणलं ती भरती आता अडचणीची होते. एक नॉटचा प्रवाह मागून, दोन्ही बाजूंना लोकांच्या बोटी, आणि तुम्हाला थांबायचंय. प्रवाहाबरोबर जाताना सुकाणू ऐकायला पाण्यातून थोडा वेग लागतो, त्यात प्रवाहाचा वेग मिळतो, आणि धक्क्याच्या तुलनेत तुम्ही जोरात असता. मागचा गिअर टाकला की नाळ भलतीकडे जाते.

आमची जागा डाव्या हाताला होती. दादाने फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या फुगीर गाद्या) मुद्दाम उजव्या बाजूला बांधायला सांगितले. मला क्षणभर समजेना. वहिनींनी बोट आमच्या जागेवरून पुढे नेली, तीन बोटी ओलांडून जिथे पात्र थोडं मोकळं होतं तिथे पुढे-मागे गिअर टाकत अर्धं वर्तुळ घेतलं आणि आता प्रवाह नाळेवर घेऊन उलट खाली आली. आता धक्का उजवीकडे होता. पाण्यातून एक नॉट, प्रवाह एक नॉट विरुद्ध, म्हणजे धक्क्याच्या तुलनेत शून्य. सुकाणूला जरासा कोन दिला की बोट पुढे न जाता आडवीच धक्क्याकडे सरकते. मी मधली स्प्रिंग लाईन, म्हणजे बोटीच्या मध्यावरचा दोर, घेऊन पायरी उतरावी तसा खाली उतरलो. पहिली तीच बांधायची, कारण ती घट्ट झाली की बोट प्रवाहाने मागे जाऊ शकत नाही. मग नाळेची, मग मागची. ३:४० झाले होते.

दोर बांधताना दादाने त्यांत थोडी ढील मुद्दाम ठेवली. धक्का तरंगता, बोटीबरोबर वर-खाली होणारा, पण रात्री ओहोटीला कील चिखलात बसते आणि धक्का मात्र पाण्याबरोबर खाली जातच राहतो. दोर ताठ असतील तर तेवढ्या काळात सगळा ताण क्लीटवर, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्यांवर, येतो.

संध्याकाळी दोघं नवरा-बायको परतीचा हिशेब मांडत बसले, कारण महिन्याभराने इथून निघायचं होतं आणि बाहेर पडायचं गणित याहून अवघड आहे. भरती पूर्ण झाल्यावर निघालं तर ओहोटी समुद्राकडे ढकलत नेते, वेगही मिळतो, पण मग कील टेकलीच तर उतरत्या पाण्यात. वहिनींचं म्हणणं, भरतीला दीड तास बाकी असताना निघावं, नदीत प्रवाहाशी झगडत सावकाश जावं, आणि लाईमस्टोन बेट ओलांडेपर्यंत पाणी चढतंच असावं. तिथून पुढे खोल आहे, मग ओहोटी लागली तरी हरकत नाही. दादाला ते पटलं. मग त्यांनी जूनच्या तक्त्यात अशी भरती शोधायला घेतली जी सकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेअकराच्या सुमाराला येईल.